आधी चित्र, मग करवत

१. कुंडीतला वड

गावाच्या वेशीवरचा वड तुम्ही रोज पाहता. त्याच्या पारावर बसता. त्याची सावली कुठवर पडते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता असे समजा, की तोच वड दोन फूट उंचीचा झाला. खोड जाडजूड, मुळे पसरलेली, फांद्या आडव्या, पारंब्या लोंबत्या. सगळे तसेच, फक्त लहान. आणि तो एका पसरट कुंडीत उभा आहे.

अशा झाडाला 'बोन्साय' म्हणतात. हा शब्द जपानी आहे. 'बोन' म्हणजे पसरट भांडे. 'साय' म्हणजे लावलेले झाड. ही कला मूळची चीन देशातली. तिथून ती जपानात गेली आणि जपानी लोकांनी ती वाढवली. आज आपल्याकडेही पुण्या-मुंबईसारख्या शहरांत लोक हौसेने बोन्साय ठेवतात.

पुष्कळांना वाटते, बोन्साय पहिल्यापासून कुंडीतच वाढते. तसे नेहमी नसते. जाड खोडाची कितीतरी झाडे आधी शेतात वाढवतात. कारण सोपे आहे. कुंडीत मुळांना जागा थोडी, म्हणून झाडाची वाढ थोडी. तिथे खोड जाड व्हायला फार वर्षे लागतात. शेतात मुळे मोकळी पसरतात. शेंडा मोकळा वाढतो. म्हणून खोड लवकर भरते.

जपानात शिकोकू नावाचे बेट आहे. तिथल्या ताकामात्सु शहरात किनाशी नावाचा भाग आहे. किनाशीचे शेतकरी पाइनची झाडे शेतात ओळीने लावून बोन्सायसाठी तयार करतात. पाइनला सुईसारखी पाने असतात. आपण कांद्याचे वाफे पाहतो, तसे तिथे झाडांचे वाफे दिसतात.

शेतात झाड वाढवणे हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. अवघड आहे ते पुढचे. खोड जाड झाले. आता झाडाला आकार कोणता द्यायचा? कुठे कापायचे? काय ठेवायचे? हा निर्णय एकदाच घेता येतो. कापलेले लाकूड पुन्हा चिकटत नाही. हा पाठ त्या निर्णयाचा आहे.

२. विहिरीतली रोपे

शेवंता आणि कोंडिबा नाशिककडच्या एका खेड्यात राहतात. त्यांची दोन एकर जमीन आहे. जमिनीत एक जुनी, दगडी विहीर आहे. पाखरे वडाची फळे खातात आणि विहिरीच्या कठड्यावर बसतात. त्यांच्या विष्ठेतून बी दगडाच्या फटीत पडते. तिथे वड उगवतो. वडाची मुळे दगड हलवतात. म्हणून कोंडिबा दर पावसाळ्यात ही रोपे उपटून फेकून देई.

सात वर्षांपूर्वी शेवंताने त्यांतली सहा रोपे फेकू दिली नाहीत. ती मजुरीला एका रोपवाटिकेत जात असे. तिथे तिने शहरातल्या लोकांना बोन्साय विकत घेताना पाहिले होते. तिने रोपांचे खाली जाणारे मोठे मूळ कापले. विहिरीजवळच्या कोपऱ्यात तीन-तीन फुटांवर सहा खड्डे घेतले. प्रत्येक खड्ड्यात फरशीचा एक तुकडा आडवा ठेवला. त्यावर माती घालून रोप लावले. फरशीमुळे मुळे खाली गेली नाहीत, बाजूला पसरली. ही युक्ती रोपवाटिकेतल्या माळीबाबांनी तिला सांगितली होती.

सात वर्षांत झाडे दीड-दोन पुरुष उंच झाली. खोडे भरली. विहिरीचा कठडा मात्र एका बाजूने ढासळू लागला. शेवंताच्या मनात आले, झाडे विहिरीतून निघाली. त्यांचे चार पैसे झाले तर विहिरीलाच लावू.

३. कोंडिबाची घाई

मागच्या वर्षी कोंडिबाने सगळ्यात जाड झाड निवडले. वैशाखाचे ऊन होते. त्याने कोयता घेतला आणि कमरेएवढ्या उंचीवर दोन घावांत झाड तोडले. त्याला वाटले, आता खालून फांद्या फुटतील आणि आपोआप लहान वड तयार होईल.

झाड मेले नाही. वड सहजी मरत नाही. पण फुटवे आले ते सगळे वरच्या कापाजवळ, एका झुबक्यात. खाली तीन फूट नुसता सरळ सोट राहिला. बुडाशी जितका जाड, तितकाच वर जाड. कोयत्याच्या घावाने साल चिरली होती. त्या चिरेत पाणी मुरले आणि लाकूड काळे पडले.

रोपवाटिकेच्या मालकांना ते झाड दाखवले. ते म्हणाले, "हा खुंटा झाला. याला गिऱ्हाईक नाही."

कोंडिबा त्या दिवशी जेवला नाही. सहा वर्षांचे पाणी, सहा वर्षांची राखण दोन घावांत गेली होती. शेवंता त्याला काही बोलली नाही. पण उरलेल्या पाच झाडांना हात लावण्याआधी माळीबाबांना बोलवायचे, हे तिने ठरवून टाकले.

४. आत्याबाईंचा प्रश्न

मृग लागण्याआधी आठ दिवस माळीबाबा आले. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. आयुष्य बागांत गेलेले. ते येताच कोंडिबाच्या आईने, म्हणजे आत्याबाईंनी, त्यांना अडवले.

"काय हो बाबा, वटपौर्णिमेला आम्ही वडाला सूत गुंडाळतो. आणि तुम्ही त्याच्यावर करवत चालवायला आलात? झाडाला उपाशी ठेवून खुजं करायचं, हे पाप न्हाई?"

माळीबाबा रागावले नाहीत. ते ओट्यावर टेकले. म्हणाले, "वैनी, तुमचं विचारणं बरोबर आहे. पण मला सांगा, द्राक्षाची छाटणी वर्षातनं किती वेळा करता?"

"दोनदा. एप्रिलात एक, ऑक्टोबरात एक."

"मग वेल उपाशी मरते का?"

"मरंल कशी? खत-पाणी घालतो की."

"हेही तसंच. उपाशी ठेवलेलं झाड खुजं होत नाही, ते मरतं. बोन्सायला रोज पाणी लागतं, वेळेवर खत लागतं, ऊन लागतं. ते लहान राहतं ते छाटणीनं आणि मुळांच्या कापणीनं. नीट सांभाळलं तर माणसापेक्षा पुष्कळ जास्त जगतं."

मग माळीबाबांनी एक हकिगत सांगितली. जपानात हिरोशिमा नावाचे शहर आहे. तिथे यामाकी कुटुंबाकडे पाइनचे एक बोन्साय होते. ते १६२५ सालापासून जोपासलेले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला. यामाकींचे घर तिथून सुमारे तीन किलोमीटरवर होते. आवाराच्या भिंतीआड असलेले ते झाड वाचले. पुढे १९७६ साली यामाकींनी ते झाड अमेरिकेला भेट दिले. ज्या देशाने बाँब टाकला, त्याच देशाला दिले. आता ते वॉशिंग्टनच्या सरकारी बागेत आहे. चारशे वर्षे ते कुंडीत जगले आहे.

आत्याबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण पाचांतलं एक झाड मोकळं सोडायचं. त्याला करवत लावायची न्हाई. ते वेशीवर लावा. तिथला जुना वड आता थकलाय."

कोंडिबाने मान हलवली. शेवंताने वहीत पहिली ओळ लिहिली: 'एक झाड वेशीवर.'

५. आधी मुळे बघा

माळीबाबा पाचही झाडांभोवती फिरले. त्यांनी एका झाडाजवळ बैठक मारली. हाताने बुडाची माती बाजूला केली. दोन बोटे खोल माती गेल्यावर मुळे दिसू लागली.

"पोरी, सगळे लोक वर बघतात. तू आधी खाली बघ. पान बदलता येतं. फांदी बदलता येते. बुडाची मुळं बदलणं फार अवघड. म्हणून आकार ठरवायला मुळांपासून सुरुवात करायची."

या झाडाची मुळे दक्षिणेला, पूर्वेला आणि पश्चिमेला चांगली पसरली होती. कोंबडीच्या पायाची बोटे पसरतात, तशी. उत्तरेला मात्र एकच बारीक मूळ होते.

"मग हे झाड वाईट का, बाबा?" शेवंताने विचारले.

"नाही. याला पाठ उत्तरेला द्यायची. उघडी बाजू मागं गेली, की कुणाला दिसत नाही. माणूस फोटो काढताना चांगली बाजू पुढं करतो ना? झाडालाही समोरची बाजू असते. ती आपण ठरवायची."

समोरची बाजू कशी ठरवावी, ते त्यांनी असे सांगितले:

मुळे जिकडून रुंद पसरलेली दिसतात, ती बाजू समोर.
बुंधा जिकडून भारदस्त दिसतो, ती बाजू समोर.
मोठ्या कापाची जखम मागे राहावी.
जाड फांदी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत घुसेल अशी पुढे नसावी.

शेवंता झाडाभोवती दोनदा फिरली. मग दक्षिणेला जाऊन उकिडवी बसली. बोन्साय उभ्याने वरून बघत नाहीत. आपण मुंगीएवढे आहोत आणि झाड मोठे आहे, असे समजून खालून बघतात. ती म्हणाली, "समोरची बाजू हीच." माळीबाबा हसले. त्यांचेही तेच मत होते.

६. झाड काय म्हणते?

आता आकाराचा प्रश्न आला. कोंडिबाने एका प्रदर्शनात कड्यावरून खाली लोंबणारे बोन्साय पाहिले होते. त्याला तेच हवे होते.

माळीबाबांनी त्याच्या हातात खोड दिले. "वाकव बघू."

कोंडिबाने जोर लावला. खोड तसूभरही हलले नाही.

"चार बोटं जाडीचं खोड आता वाकणार नाही. लोंबता आकार हवा असेल तर झाड बोटाएवढं असतानाच तार गुंडाळून वाकवावं लागतं. तुला काय आवडतं, हा दुसरा प्रश्न. या खोडाला काय जमतं, हा पहिला."

मग त्यांनी जमिनीवर काडीने एकेक आकार काढून दाखवला.

सरळ उभा. खोड सोटासारखे सरळ, बुडाशी जाड, वर निमुळते. मुळे चारी बाजूंना सारखी हवीत. या झाडाचे खोड पूर्वेला थोडे कललेले आहे आणि उत्तरेला मुळे कमी आहेत. म्हणून हा आकार नको.

वळणदार उभा. खोड एकदा इकडे, एकदा तिकडे वळत वर जाते. शेंडा साधारण बुडाच्या वर येतो. नव्या माणसाला हा आकार सोपा, कारण लहानसहान चूक वळणात झाकली जाते.

तिरका. सगळे खोड एकाच बाजूला कललेले. जिकडे कलते त्याच्या उलट बाजूला मुळे घट्ट हवीत. नाहीतर झाड आत्ता पडेल असे वाटते.

लोंबता. कड्यावरच्या झाडासारखा. उंच कुंडी लागते. खोड कोवळे असतानाच ठरवावा लागतो.

खराट्यासारखा. खोड आखूड आणि सरळ. एकाच जागेवरून पुष्कळ बारीक फांद्या फुटून वर पसरतात.

जोडखोडी. एकाच बुडातून दोन खोडे, एक थोरले, एक धाकटे.

"यांतला कोणता?" माळीबाबांनी विचारले.

शेवंता विचार करून म्हणाली, "वळणदार. खोड पूर्वेला कललंय. तिथून पश्चिमेला वळवलं तर पहिलं वळण आपोआप झालं. आणि वर फांद्या आडव्या पसरवायच्या. आपल्या वेशीवरच्या वडासारख्या."

"का?"

"वड मुळातच आडवा पसरतो. त्याला उभा ताणला तर तो वड दिसणार नाही."

कोंडिबा बायकोकडे बघतच राहिला.

७. गोणपाटाची युक्ती

"आता कापण्याआधी कापल्यावर कसं दिसेल ते बघू," माळीबाबा म्हणाले. त्यांनी एक जुने गोणपाट मागवले. झाडाचा जो भाग काढायचा, त्यावर ते गुंडाळले. शेवंताला लांब उभे केले.

"आता गोणपाट नाहीच असं समज. खाली काय दिसतं?"

गोणपाट आधी दोन फुटांवर होते. खालचे खोड लांबलचक, काठीसारखे वाटले. मग ते खाली सरकवले, दीड फुटावर. मग एका फुटावर. मग आणखी खाली. दर वेळी शेवंता नाही म्हणे. शेवटी गोणपाट आठ-दहा इंचांवर आले. तेव्हा बुंधा एकदम जुन्या झाडासारखा भारदस्त दिसू लागला. झाड तेच होते. फक्त काय झाकायचे, एवढेच बदलले होते.

ही युक्ती फुकटची आहे. गोणपाट काढता येते. कापलेले खोड परत लावता येत नाही. कोंडिबाने मागच्या वर्षी एक जुने पोते वापरले असते, तर सहा वर्षांचे झाड वाचले असते.

ज्यांच्याकडे मोबाइल आहे, त्यांनी समोरून फोटो काढावा. त्यावर पातळ कागद ठेवून खोड गिरवावे. मग पाहिजे तशा फांद्या काढून बघाव्या. चित्र चांगले यायला हवे असे नाही. कुठे कापायचे ते कळले, की पुरे.

८. सुतळी, पट्टी आणि हिशेब

साक्षर माणसाला इथे फायदा आहे. त्याला अंदाजाने काम करावे लागत नाही. तो मोजतो आणि लिहून ठेवतो.

शेवंताने मुळांच्या जरा वर खोडाला सुतळी गुंडाळली. ती पट्टीवर मोजली. घेर भरला साडेबारा इंच. गोल वस्तूचा घेर तिच्या जाडीच्या तिपटीहून थोडा जास्त असतो. म्हणून खोडाची जाडी झाली सुमारे चार इंच.

माळीबाबांनी हिशेब सांगितला:

"जाडीच्या सुमारे सहापट उंची ठेवावी. चार सख चोवीस. म्हणजे झाड शेवटी दोन फूट उंच. वडाचं पान मोठं असतं, म्हणून वडाचं बोन्साय याहून फार लहान करू नये. पानं मोठी आणि झाड बुटकं, असं विचित्र दिसतं. चिंचेचं पान बारीक, तिचं लहान चालतं."

"आता चोवीसचा तिसरा हिस्सा किती?"

"आठ," शेवंता म्हणाली.

"आठ इंचांवर पहिलं वळण. तिथं पश्चिमेला, जरासा पुढच्या अंगाला, एक फुटवा आहे बघ. तोच उद्याचा शेंडा. त्याच्या वरचं खोड जायचं."

पूर्वेला सात इंचांवर दीड इंच जाडीची एक फांदी होती. ती वळणाच्या बाहेरच्या अंगाला होती. ती पहिली फांदी म्हणून ठेवायचे ठरले. फांदी खोडाच्या निम्म्याहून जाड नसावी आणि ती वळणाच्या बाहेरून निघावी. वळणाच्या आतल्या बाजूची फांदी चांगली दिसत नाही. एकाच उंचीवर समोरासमोर दोन जाड फांद्याही ठेवू नयेत. तिथे खोड फुगते.

बुडापासून दोन इंचांवर मागच्या बाजूला आणखी एक काटकुळी फांदी होती. कोंडिबा म्हणाला, "ही तरी काढू का?"

"ती राहू दे. ती शेवटी चित्रात नाही. पण दोन-तीन वर्षं तिला मोकळी वाढू दे. तिच्यामुळं बुंधा भरेल. काम झालं की काढायची. तिला खर्चाची फांदी समज."

शेवंताने वहीत चित्र काढले. खाली लिहिले: समोर दक्षिण. जाडी ४ इंच. उंची २४ इंच. पहिले वळण ८ इंच. पहिली फांदी पूर्वेला ७ इंच. खर्चाची फांदी मागे २ इंच. चित्रावर तारीख घातली.

९. कापण्याचा दिवस

मृगाचा पाऊस पडून गेला. हवेत ओल आली. वड, पिंपळ, उंबर यांची मोठी छाटणी अशा वेळी करावी. तेव्हा फुटवे लवकर येतात.

कोयता घेतला नाही. धारदार करवत आणली. ती पुसून स्वच्छ केली. माळीबाबांनी फुटव्याच्या अगदी लगत कापू दिले नाही. दोन बोटे वर कापायला सांगितले. वरचे लाकूड थोडे वाळत खाली येते. ते फुटव्यापर्यंत येऊ नये, म्हणून ही दोन बोटे. पुढच्या पावसाळ्यात फुटवा जोरात आला, की हे खुंट तिरपे कापून साफ करायचे. काप मागच्या बाजूला उतरता घ्यायचा. म्हणजे जखम समोरून दिसत नाही आणि पाणीही साचत नाही.

वडाचा चीक वाहू लागला. तो पाण्याने धुतला. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. त्वचेलाही काहींना खाज येते. मग जखमेवर बोर्डो पेस्ट लावली. द्राक्षवाल्यांना ती ठाऊक आहे. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर, हे तिचे प्रमाण. थोडीच लागत असेल तर त्याच प्रमाणात कमी करावी. ती लोखंडी भांड्यात करू नये. प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात करावी.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. वडाचे सगळे शेंडे काढले तरी तो फुटतो. पाइनचे तसे नाही. पाइनच्या फांदीवरची सगळी हिरवी पाने काढली, तर ती फांदी मरते. म्हणून एका झाडाची रीत दुसऱ्याला लावू नये.

१०. पुढची वर्षे

पंधरा-वीस दिवसांत खोडावर पुष्कळ फुटवे आले. कोंडिबाला ते लगेच खुडायचे होते. शेवंताने त्याला वही दाखवली. वहीत लिहिले होते: 'घाई नाही.' झाडाला बळ येऊ दिले. मग पश्चिमेचा फुटवा शेंडा म्हणून ठेवला. तो कोवळा असतानाच बांबूच्या काडीला सुतळीने सैल बांधून वर वळवला. दर पंधरवड्याला गाठ पाहिली. सुतळी सालीत रुतली तर कायमचा वण राहतो.

हा नवा शेंडा आता मोकळा वाढू द्यायचा. चार-पाच फूट गेला तरी खुडायचा नाही. उंच गेला, तरच तो जाड होईल. त्याची जाडी खोडाच्या दोन-तृतीयांश झाली, म्हणजे सुमारे पावणेतीन इंच झाली, की तो पाच इंचांवर पुन्हा कापायचा आणि पुढचा फुटवा उलट दिशेला घ्यायचा. त्यानंतरचा तुकडा चार इंचांचा. वर उरतो तो माथा. असे केले की खोड बुडाशी जाड आणि वर निमुळते होते. म्हाताऱ्या झाडाचे खोड असेच असते.

यात आणखी काही वर्षे जातील. झाड काढायच्या आधी दोन पावसाळ्यांत मुळे अर्धी-अर्धी कुदळीने गोलाकार तोडायची. त्यामुळे बुडाजवळ बारीक मुळे येतात. मग झाड आधी पसरट खोक्यात आणि नंतर कुंडीत लावायचे.

कोंडिबाने विचारले, "बाबा, मग सगळ्या बांधावर हीच झाडं लावू का?"

"नको. आधी गिऱ्हाईक बघ, मग झाडं वाढव. ज्वारी-कांदा सोडून याच्या मागं लागू नको. हे झाड कोपऱ्यातलं आहे, कोपऱ्यातच राहू दे. आणि रोपं आपल्याच विहिरीची, घराची घे. जंगलातली किंवा देवळाच्या पाराची उपटू नको."

जाता जाता माळीबाबा मागच्या वर्षीच्या खुंटाजवळ थांबले. त्यांनी नखाने खालची साल खरवडली. आत हिरवे होते.

"हे झाड जिवंत आहे. काळं लाकूड वरच आहे. पुढच्या मृगाला खाली, वीतभर उंचीवर काप. पण आधी गोणपाट."

कोंडिबाचा चेहरा उजळला. त्याच आठवड्यात त्याने आणि आत्याबाईंनी पाचवे झाड मोठ्या मातीच्या गड्ड्यासकट काढले. वाहून नेण्यापुरता शेंडा कमी करावा लागला. आत्याबाईंनी तेवढी परवानगी दिली. झाड वेशीवर लावले. भोवती काट्यांचे कुंपण केले. ते वाढेल तितके वाढो.

विहिरीजवळ आता चार झाडे आहेत. विहिरीचा कठडा अजून दुरुस्त व्हायचा आहे. कोंडिबा आता करवतीआधी वही मागतो.

ध्यानात ठेवा

१. मुळे, खोड, फांद्या, पाने. याच क्रमाने झाड बघा.
२. आपल्याला काय आवडते, त्याआधी खोडाला काय जमते ते बघा.
३. कापण्याआधी गोणपाट गुंडाळून बघा.
४. मोजा, चित्र काढा, तारीख घाला.
५. प्रत्येक जातीच्या झाडाची रीत वेगळी असते.

प्रश्न

१. कोंडिबाच्या पहिल्या झाडाचा खुंटा का झाला?
२. शेवंताने समोरची बाजू कशी ठरवली?
३. खोडाची जाडी पाच इंच असेल, तर झाडाची उंची किती ठेवावी? पहिले वळण किती इंचांवर येईल?
४. खर्चाची फांदी कशासाठी ठेवतात?
५. तुमच्या घराच्या किंवा विहिरीच्या भिंतीत वड, पिंपळ किंवा उंबर उगवला आहे का? तो बघा आणि त्याच्या मुळांचे व खोडाचे चित्र वहीत काढा.